सत्तर-सत्तरचा मंत्र आणि देहूरोडचा मे महिना

मंडळी, आधी डिस्क्लेमर. सिगार आरोग्याला वाईट आहे. धूर छातीत ओढला नाही तरी तोंडाचा आणि घशाचा कर्करोग व्हायचा तो होतोच. तुम्ही ओढत नसाल तर उत्तम, आणि हा लेख वाचून सुरू तर मुळीच करू नका. पण आपल्या आयटीवाल्यांत ऑनसाईटहून परतताना ड्युटी फ्रीमधून सिगारचा डबा आणायची फॅशन आहे. मुलगा झाला, प्रमोशन झालं, की पेढ्यांच्या शेजारी सिगार! मग ते वीस-पंचवीस सिगार घरी येतात, मे महिना लागतो आणि ‘आता हे ठेवायचे कुठे?’ म्हणून चर्चा सुरू होते. या चर्चेत इतकं अज्ञान इतक्या आत्मविश्वासाने वाटलं जातं की शेवटी लिहायला बसलो. यातला एक सल्ला नुसता चुकीचा नाही, जीवघेणा आहे. त्याच्याकडे येतोच.

पहिला नंबर मंत्रवाल्यांचा. मंत्र काय, तर ‘सत्तर-सत्तर’. सत्तर टक्के आर्द्रता आणि सत्तर अंश तापमान. यातले अंश फॅरनहाइट आहेत बरं का, म्हणजे आपले २१ सेल्सिअस. थंड देशातल्या घरात, जिथे हिवाळ्यात हीटरमुळे हवा खडखडीत कोरडी होते, तिथे हे ठीक आहे. देहूरोडला मे महिन्यात दुपारी ३८-४० चा पारा, वरच्या मजल्यावर स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला. तिथे २१ अंश आणायचे कुठून? मग मंत्रवाला म्हणतो, विजेवर चालणारं थंड कपाट घे. गुरुवारी दिवसभर वीज गेली की ते कपाट म्हणजे एक महागडं लाकडी खोकं. आणि महिन्याभरात पावसाळा! लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याची दमट हवा आपल्याकडे फुकट येते. तेव्हा प्रश्न ओलावा टिकवण्याचा नसतो, बाहेर ठेवण्याचा असतो. म्हणजे मंत्र एक आणि इथले ऋतू तीन.

मुळात या मंत्रात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. पानात ओलावा किती राहणार हे मुख्यतः सापेक्ष आर्द्रता ठरवते. कीड लागणार की नाही, हे मुख्यतः तापमान ठरवतं. दोन बग वेगळे, त्यांचे फिक्सही वेगळे. आपल्याकडे मात्र दोन्हीवर एकच पॅच मारतात, तो म्हणजे फ्रीज.

फ्रीजवाल्यांचं म्हणणं असं की थंड म्हणजे सुरक्षित. अहो, आजचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आतली हवा सतत सुकवत असतो. त्यात उघडी ठेवलेली भाकरी दुसऱ्या दिवशी कशी होते बघा. सिगारचंही तेच, वरचं पान तडकतं. शिवाय लसणाची चटणी, हिंग, कालचं सुकट यांचे वास तंबाखू टिपकागदासारखा शोषून घेतो. आणि बाहेर काढल्यावर थंड पानावर गरम हवेतलं पाणी जमतं ते वेगळंच. एसीच्या खोलीत उघडा डबा ठेवणाऱ्यांनीही हे वाचावं; एसीसुद्धा हवा कोरडीच करतो.

आता जरा आकडेमोड करू, कारण हल्ली ती सोडून सगळं होतं. एक सिगार साधारण १० ग्रॅमचा धरा, त्यात १२ टक्के पाणी. वीस सिगारांत झालं २४ ग्रॅम पाणी. ते पाच लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले. २१ अंशाला आणि ७० टक्के आर्द्रतेला त्या पाच लिटर हवेत पाणी किती मावतं? सुमारे ०.०६ ग्रॅम. तीच हवा ३५ अंशांपर्यंत तापली आणि आर्द्रता ७० टक्केच ठेवायची म्हटलं तर लागतं ०.१४ ग्रॅम. म्हणजे पानांनी द्यायचं किती, तर ०.०८ ग्रॅम. २४ मधले ०.०८! हजारातले तीन-साडेतीन. डबा भरलेला आणि बंद असेल तर तंबाखू स्वतःच आपली आर्द्रता सांभाळतो. यंत्र नको, पंखा नको, वीज नको. लागतं काय, तर रबरी कडेचं चांगलं झाकण. वाण्याच्या दुकानाशेजारी मिळणारा चिवड्याचा हवाबंद डबा पुरतो (नवा घ्या, चिवड्याचा वास असलेला नको :)).

डब्यात एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, पण त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. स्वस्तातले मापक पाच-सात टक्क्यांची थाप सहज मारतात. त्याची परीक्षा घरच्या मिठाने होते. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून ओली वाळू होईल इतपत कालवा, मापकाबरोबर झिपच्या पिशवीत बंद करा आणि सात-आठ तास विसरून जा. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते आणि तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी ती जवळजवळ बदलत नाही. मापक ७० दाखवत असेल तर तो पाचने खोटा आहे, तेवढे मिळवून वाचायचं. आपल्या उन्हाळ्यात डब्यातली आर्द्रता ७० पेक्षा ६२-६५ ठेवलेली बरी, कारण उष्णता आणि जास्त ओल एकत्र आली की बुरशीला आमंत्रण. त्यासाठी दोन्ही बाजूंनी काम करणाऱ्या, म्हणजे ओलावा देणाऱ्या आणि घेणाऱ्याही, पुड्या मिळतात. पावसाळ्यात त्याच कामी येतात. ओला स्पंज ठेवू नका, तो फक्त देतो.

झाला पहिला बग. आता दुसरा, आणि हा अक्षरशः बगच आहे. तंबाखूचा भुंगेरा, शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी. दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी. त्याची अंडी पानांबरोबरच येऊ शकतात. २१ अंशांच्या खाली तो सुस्तावतो, ३० च्या आसपास त्याची चंगळ असते आणि महिन्याभरात अंड्यापासून किडा तयार होतो. सिगारवर टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक दिसलं की समजा, पाहुणे आले. आणि घरातल्या मंडळींनी इथे कान टवकारावेत, कारण हा भुंगेरा फक्त तंबाखूवर जगत नाही. हळद, मिरची, धने, आलं, सगळं त्याला चालतं. म्हणजे तुमच्या हौसेचा डबा गळका असेल तर वर्षाच्या मसाल्याची वाट लागते.

त्याच्यावर उपाय थंडीच आहे, पण एकदाच आणि नीट. सिगार दोन झिप पिशव्यांत बंद करून डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ किंवा त्याखाली, एक आठवडा. एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा बहुधा इतका थंड होतच नाही, थर्मामीटर ठेवून बघा. मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर, आणि पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही. अंडी मेली, विषय संपला. नंतर डबा घरातल्या आतल्या भिंतीच्या कपाटात, सर्वांत खाली. माळ्यावर नको, पश्चिमेच्या भिंतीला नको आणि गाडीत तर अजिबात नको. थर्माकोलच्या खोक्यात पाण्याच्या चार-पाच भरलेल्या बाटल्यांबरोबर डबा ठेवला तर दुपारचा कडाका आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते.

पण हे न करता लोक काय सुचवतात? ‘एक गोळी टाक रे.’ धान्यात ठेवतात ती, अॅल्युमिनियम फॉस्फाइडची. ‘आमच्या गावाला गव्हात टाकतात, काही होत नाही.’

हे वाक्य म्हणणाऱ्याला पुढे बोलूच देऊ नका. तीन ग्रॅमची ती गोळी हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन एक ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. सिगारच्या डब्यात आपण मुद्दाम काय राखतो? ओलावाच! हा वायू फटींतून, दाराखालून, पाइपाच्या भोकातून शेजारच्या खोलीत जातो. उलट्या, छातीत दडपण, श्वास लागणं, रक्तदाब कोसळणं असा त्याचा क्रम असतो, आणि त्याच्यावर उतारा नाही. डॉक्टर फक्त शरीराला आधार देऊ शकतात. घरात धान्याला गोळ्या लावल्या आणि बंद खोलीत झोपलेली लेकरं गेली, अशा बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पुढच्या एप्रिलमध्ये गहू भरताना पुन्हा तीच गोळी शोधतो. ही गोळी प्रशिक्षित माणसांनी गोदामात, माणसांना दूर ठेवून वापरायची गोष्ट आहे, घरात वापरायची नाही. कायद्यानेही ती कुणालाही सुटी विकायची नाही. तरी ती मिळते हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि माझा राग तिथेच आहे. विकणारा दोषी आहेच, पण ‘काही होत नाही’ म्हणत दुसऱ्याच्या घरात ती पोचवणारा सुशिक्षित माणूस कमी दोषी नाही. घरात कुणी अशी गोळी ठेवल्याचं कळलं तर तिच्यावर पाणी ओतू नका, त्याने वायू आणखी झपाट्याने सुटतो. माणसं बाहेर काढा, जमलं तर निघता निघता खिडक्या उघडा, आणि कुणाला जरा जरी त्रास वाटला तर थेट दवाखाना.

‘मग गोळीशिवाय माल टिकतो का?’ टिकतो की! सांगलीजवळ हरिपूरची पेवं ऐकली असतील. जमिनीत खोल खणलेल्या पेवांत हळद भरायची, तोंड मातीने बंद करायचं, आणि हळद वर्षानुवर्षं टिकायची. वर मातीची जाड गादी म्हणून तापमान जवळजवळ स्थिर, आणि आतला प्राणवायू संपला की भुंगेरा गुदमरून मरतो. हळदीचा भुंगेरा कोणता? तोच, आपला सिगारवाला! पेव उघडल्यावर बराच वेळ हवा खेळू दिल्याशिवाय कुणी आत उतरत नसे, कारण तिथे माणूसही गुदमरतो. बंद जागेतला वायू म्हणजे काय याची जाण शाळा न शिकलेल्या हमालाला होती. २००५ च्या महापुरात त्यातल्या कितीतरी पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली, आणि व्यापार हळूहळू गोदामांकडे वळला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या पेवामागचं तत्त्व किती जणांना सांगता येईल?

तत्त्व साधं आहे: घट्ट बंद, अंधारात, तापमानाचे चढउतार कमी, आणि विष नाही. आपल्या देहूरोडचंच बघा. दारूगोळा मातीच्या ढिगाऱ्याखालच्या कोठारांत ठेवण्याची पद्धत जगभर आहे. त्याचं मुख्य कारण स्फोट आवरणं हे खरं, पण त्या मातीमुळे आत ऊनही पोचत नाही. ज्या गावाची ओळखच कोठारांवर आहे, तिथल्या लोकांनी वीस सिगारांसाठी विजेचं कपाट किंवा विषाची गोळी शोधावी याला काय म्हणायचं?

असो. परदेशी सल्ला घ्यायला माझी ना नाही, मीही रोज तिकडच्याच मॅन्युअलवर पोट भरतो. पण मॅन्युअल कुठल्या हवेसाठी लिहिलंय ते आधी बघावं, आणि शेजाऱ्याचा सल्ला घेताना त्यात मरण्याची शक्यता किती आहे तेही बघावं. या आठवड्यात एवढंच करा. घरातल्या धान्याच्या कोठ्या आणि माळे उघडून बघा, आईला, सासूबाईंना, कामाला येणाऱ्या मावशींना विचारा, की गव्हात काय टाकलंय. कडुनिंबाचा पाला किंवा एरंडेल असेल तर झकास. गोळी असेल तर सिगारचं राहू द्या, आधी तिचा बंदोबस्त करा. स्वतः हात लावू नका, परवाना असलेल्या कीडनियंत्रणवाल्याला बोलवा आणि तो येईपर्यंत त्या खोलीत कुणाला झोपू देऊ नका.