दरवाढ मोजायची कोणत्या बिलापासून?

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने 31 मार्च 2023 रोजी महावितरणचे नवे दर मंजूर केले आणि दुसऱ्याच दिवसापासून ते लागू झाले. सरासरी वाढ 2.9 टक्के, असे सांगण्यात आले. पण घरोघरी आलेल्या बिलांमध्ये हा आकडा शोधूनही सापडत नव्हता.

महिन्याला 150 युनिट वापरणारे घर घेऊ. आधीच्या वर्षी स्थिर आकार 105 रुपये होता. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या 100 युनिटला प्रत्येकी 4 रुपये 71 पैसे आणि पुढच्या 50 युनिटला 8 रुपये 69 पैसे पडत. वर 16 टक्के वीज शुल्क धरले की बिल व्हायचे सुमारे 1,172 रुपये. नव्या दरात स्थिर आकार 116 रुपये झाला आणि युनिटचे दर 5 रुपये 58 पैसे व 10 रुपये 81 पैसे झाले. तेवढ्याच विजेचे बिल 1,409 रुपयांवर गेले. म्हणजे वाढ 20 टक्के.

मग 2.9 टक्के हे खोटे का? तसे नाही. तो आकडा सगळ्या वर्गांतल्या ग्राहकांची सरासरी होता आणि एका घराचे बिल सरासरीने येत नाही. शिवाय 2022च्या पावसाळ्यापासून बिलात इंधन समायोजन आकार लागत होता: पहिल्या 100 युनिटला 65 पैसे, त्यापुढे 300 युनिटपर्यंत 1 रुपया 45 पैसे. तो धरला तर याच घराचे जुने बिल 1,332 रुपये होते आणि वाढ उरते जेमतेम 6 टक्के. कोळसा महागला म्हणून तात्पुरता लावलेला आकार तुलनेत धरायचा की नाही, यावर सारा वाद फिरत राहतो. तो धरला की वाढ लहान दिसते. ग्राहकाने मात्र दोन्ही आकडे मागायला हवेत. तात्पुरता भार उतरतो, मूळ दरात मुरलेला भार राहतो. एप्रिल 2024 मध्ये मूळ दर पुन्हा वाढले आणि इंधन समायोजन न धरताही 150 युनिटचे बिल 1,495 रुपयांवर पोहोचले.

मार्च आणि मेची बिले शेजारी ठेवून दरवाढ मोजणे तर मुळातच चुकीचे. मेमध्ये पंखा रात्रभर फिरतो आणि 100च्या आत राहणारे घर वरच्या टप्प्यात जाते. तिथला प्रत्येक युनिट जवळपास दुप्पट दराचा असतो. रीडिंग पाच-सहा दिवस उशिरा झाले तरी युनिट वाढतात. म्हणून मेचे बिल गेल्या वर्षीच्या मेशी ताडावे, तेही युनिट आणि दिवस बघून.

पण हे गणित ग्राहकाने का करावे? कागदाच्या दोन्ही बाजू आकड्यांनी भरलेल्या असतात, मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो. तिथे आणखी एक ओळ सहज मावेल: ‘याच वापराचे जुन्या दराने बिल इतके झाले असते.’ वीज कंपनीकडे युनिटही आहेत आणि दोन्ही दरही. दर बदलल्यावर पहिले वर्षभर ही ओळ प्रत्येक घरगुती बिलावर छापण्याची सक्ती आयोगाने करावी. दरनिश्चितीच्या पुढच्या जनसुनावणीत ग्राहकांनी ही मागणी लेखी नोंदवावी.