पेढीवरचा जुना संगणक

पेढीवर बिले करून थकलेला संगणक बहुधा भंगारात जातो. वास्तविक 1980 च्या ‘पॅक-मॅन’ला त्याच्या शक्तीचा अल्प अंशही पुरतो. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी 1997 मध्ये ‘मेम’ हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. जुन्या खेळयंत्रांतील चिपांचे काम तो संगणकाकडून करवून घेतो. प्लायवुडची उभी पेटी, जॉयस्टिक, बटणे आणि त्यांचे संकेत कीबोर्डप्रमाणे संगणकाला पोचवणारा एन्कोडर मिळाला की घरी आर्केड उभे राहते.

खरी कसोटी पडद्याची. ‘पॅक-मॅन’चे चित्र 224 बिंदू रुंद व 288 उंच, म्हणून मॉनिटर उभा फिरवावा लागतो. स्वस्त टीएन पडदा असा फिरवला की शेजारी उभ्या भावंडाला रंग बिघडलेले दिसतात. तेथे आयपीएस पडद्यासाठी चार पैसे अधिक मोजणे परवडते. जुन्या पिक्चर ट्यूबचा मोह टाळावा. वीज बंद केल्यावरही तीत घातक विद्युतदाब उरू शकतो. पेटीला खाली-वर झरोके हवेत (सुताराला हे आधीच सांगावे).

‘मेम’ विनामूल्य आहे, 2016 पासून मुक्तस्रोतही. खेळांच्या फायलींचे तसे नाही. बहुतेकांचे हक्क आजही मालकांकडे आहेत आणि फुकट उतरवलेली प्रत म्हणजे विकत घेतलेला माल नव्हे. बिलाशिवाय माल न उचलणाऱ्या घराने हा हिशेब लाकूड कापण्याआधीच मांडावा. ‘रॉबी रोटो’सारखे काही खेळ हक्कदारांच्या संमतीने ‘मेम’च्या संकेतस्थळावर बिगरव्यापारी वापरासाठी ठेवलेले आहेत, आरंभ तेथून करता येतो.