चार लाखांचा उत्साह आणि चार घरांची झोप

दिवाळीत फराळाचे ताट पुढे असताना भांडण उकरून काढू नये, असे आमची आई म्हणत असे. पण जे भांडण आपण वर्षभर टाळतो, ते निदान चकलीच्या साक्षीने तरी गोडीगुलाबीने करून घ्यावे, असे मला वाटते. भांडण आहे उत्साहाशी. आणि तेही आपल्या गल्लीतल्या नव्हे, दूर आयर्लंडातल्या उत्साहाशी. दूरचे उदाहरण घेतले म्हणजे वाचकही रागावत नाहीत आणि लेखकालाही गल्लीतून मान वर करून चालता येते!

गार्थ ब्रूक्स हे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. हा अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातला गायक. तिथे ‘कंट्री’ म्हणून जे संगीत आहे, त्यातला अनभिषिक्त राजा. कंट्री म्हणजे गिटार, फिडल आणि बँजो यांच्या साथीने गायलेली, शेतकऱ्याच्या, ट्रकचालकाच्या, दारूच्या दुकानात दुःख बुडवणाऱ्या माणसाची गाणी. अमेरिकेत एकट्या गायकांत याच्याइतक्या तबकड्या दुसऱ्या कोणाच्या खपल्या नाहीत. ऐन भरात असताना, २००० साली, मुलींना वाढवायचे म्हणून याने गाणे बाजूला ठेवले. या एका गोष्टीसाठी मी त्याला मुजरा करतो. आमच्याकडचे कलावंत मुलींसाठी एक तालीम सोडायचे नाहीत.

तर हा गृहस्थ २०१४ साली परत जगापुढे उभा राहिला, तो डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर गाणार होता. क्रोक पार्क म्हणजे आयरिश माणसाचे देवस्थानच म्हणा. तिथे त्यांचे अस्सल देशी खेळ होतात, आणि तिथेच १९२० साली सामना चालू असताना ब्रिटिश सैनिक-शिपायांनी गोळ्या झाडून चौदा माणसे मारली. ऐंशी हजारांवर माणूस मावेल एवढे ते मैदान. जानेवारीत तिकिटे निघाली. लोकांनी थंडीत रस्त्यावर रात्र काढून रांगा लावल्या. दोन जलसे ठरले होते, त्यांचे तीन झाले, चार झाले, पाच झाले. तिकिटे खपली चार लाख! देशाची वस्ती शेहेचाळीस लाखांच्या आसपास. तिकिटे घेणारे सगळेच तिथले नव्हते हे मान्य. तरी दर अकरा-बारा माणसांमागे एक तिकीट पडते. पंढरीच्या वारीचे प्रमाण तरी एवढे पडेल काय?

आता आमचे सुसंस्कृत मित्र म्हणतील, “शी! खेडवळ गाणी ती. त्याला अभिरुची म्हणायची?” या नाके मुरडणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. लावणीला याच नाकांनी एकेकाळी वाळीत टाकले होते आणि आज तीच नाके तिकीट काढून पहिल्या रांगेत बसतात. शिवाय आयरिश माणसाला हे गाणे परके नाही. त्याचेच पूर्वज फिडल काखोटीला मारून अमेरिकेत गेले, त्यांच्या सुरांत आफ्रिकेतून आलेला बँजो मिसळला, आणि त्यातून जे उगवले ते पुन्हा समुद्र ओलांडून माहेरी आले. माहेरवाशिणीचे स्वागत थाटात व्हायचेच. तेव्हा उत्साहाला माझा आक्षेप नाही. माझा आक्षेप आहे तो उत्साहाने स्वतःला हक्क समजण्याला.

कारण त्या मैदानाच्या भिंतीला लागून घरे आहेत. अरुंद गल्ल्या, जुनी बैठी घरे, त्यांत राहणारी साधी माणसे. मैदानाला वर्षाकाठी तीन जलशांची मुभा होती. त्याहून अधिक हवे असतील तर नगरपालिकेचा वेगळा परवाना लागे. ते तीन जलसे मे महिन्यात दुसऱ्या एका मंडळीचे होऊन गेले होते. ब्रूक्सचे पाच धरले तर आठ! आणि पाच रात्री सलग, शुक्रवारपासून मंगळवारपर्यंत. नगरपालिकेने जुलैत निकाल दिला: तीन करा, सोमवार-मंगळवारचे दोन नाहीत. ब्रूक्स म्हणाला, पाच तरी नाहीतर एकही नाही; एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणणे म्हणजे पोटच्या एका मुलाला जवळ घेऊन दुसऱ्याला लोटणे. मग दुपारी खेळ करून तीन दिवसांत पाच बसवावेत, अशी तडजोड पुढे आली. तीही त्याला नको. अखेर पाचही रद्द झाले. देशभर हलकल्लोळ! पंतप्रधान बोलले, संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली, मेक्सिकोच्या राजदूतांनी मध्यस्थी करू म्हटले. आणि चार लाखांचा राग कोणावर? त्या गल्लीतल्या माणसांवर! “मूठभरांनी देशाचा आनंद बुडवला!”

वाचकहो, हे ‘मूठभर’ ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. कारण हा शब्द मी स्वतः वापरला आहे.

तिशीत असताना मी आमच्या मंडळाचा चिटणीस होतो. वाद्यवृंदाचा कार्यक्रम ठरवला, परवानगी मिळण्याआधीच तिकिटे छापली आणि विकली. मग ती तिकिटे नाचवत अधिकाऱ्याला म्हटले, “साहेब, आता लोकांना काय सांगू?” परवानगी मिळाली. पटांगणाच्या कडेच्या चाळीतले एक निवृत्त मास्तर आदल्या दिवशी आले. बायको अंथरुणाला खिळलेली होती. म्हणाले, “चिटणीस, रात्री दहानंतर आवाज तेवढा कमी ठेवा.” मी म्हणालो, “मास्तर, हजार लोकांचा उत्साह आहे, मूठभरांसाठी कसा आवरू?” ते काही बोलले नाहीत. कार्यक्रम एकपर्यंत रंगला. पुढे महिनाभराने बाई गेल्या. आमच्या कर्ण्याने गेल्या असे कोणी म्हटले नाही, मीही म्हणत नाही. पण त्या रात्री त्या जाग्या होत्या, आणि ती जाग मी हजार तिकिटांच्या नावावर विकत घेतली होती, एवढे मला ठाऊक आहे.

म्हणून डब्लिनच्या प्रकरणात मला खरा गुन्हेगार दिसतो तो गायक नव्हे, श्रोता नव्हे, गल्लीतला माणूस तर नव्हेच. गुन्हा आहे आधी तिकिटे विकून मग परवाना मागण्याचा. हा व्यवहार म्हणजे वऱ्हाड दारात आणून मुलीला पसंती विचारण्यासारखा आहे. ती नाही म्हणाली तर दोष तिचा! माणसे रांगेत उभी केली, त्यांचे पैसे घेतले, त्यांच्या आनंदाचे ओझे शेजाऱ्याच्या डोक्यावर ठेवले. मग उत्साह आणि झोप यांची झुंज लावून धंदेवाला बाजूला उभा.

कोणी म्हणेल, शेजाऱ्यांतही जलसे हवे असणारे होतेच, आणि धंदा केवढा बुडाला! खरे आहे. खानावळी, हॉटेले, गाडीवाले यांच्या तोंडचा घास गेला. तिकिटांचे पैसे परत मिळाले तरी हिरमोड परत करता आला नाही. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटते. पण हिशेब पुढे पाहा. २०२२ च्या सप्टेंबरात तोच गायक त्याच मैदानात आला, तेच पाच जलसे झाले. फक्त दोन आठवड्यांच्या अखेरीस वाटून, तीन आणि दोन. सोमवार-मंगळवार नाही. मैदान पुन्हा ओसंडून वाहिले. म्हणजे आठ वर्षे थांबूनही उत्साह आटला नाही! जो उत्साह आठ वर्षे टिकतो, त्याला शेजाऱ्याची एक रात्र सोडता येत नाही असे कसे म्हणावे?

आपल्याकडेही हे होऊ शकते हे आपण पाहिले आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा. पहाटेपर्यंत बसून ऐकण्याची त्याची परंपरा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम आला, तेव्हा आम्ही रसिकांनी केवढे सुस्कारे टाकले! पहाटेच्या भैरवाविना महोत्सव कसला? पण वेळा बदलल्या आणि महोत्सव जिवंत राहिला. गाणे मेले नाही; आमची फक्त सवय मोडली.

यंदा नेरूळला किंवा आणखी कुठे असाच एखादा जलसा ठरेल, तुमची मुले तिकिटांसाठी यंत्रापुढे रात्र जागवतील. जाऊ द्या त्यांना, खुशाल जाऊ द्या. जमल्यास तुम्हीही जा. गर्दीत गळा सोडून गाण्यासारखे औषध नाही. फक्त परतताना मैदानाशेजारच्या घरांकडे एकदा वर पाहा. एखाद्या खिडकीत दिवा जळत असेल. तो दिवा दिवाळीचा नसेल.

मास्तर आता नाहीत. त्यांची क्षमा मागायची राहून गेली, ती तुमच्या देखत मागून टाकतो.