शिकविणाऱ्याचा गळा

गवयाने आपला गळा जपावा, हे आपल्याकडे कोणालाही पटते. मैफल ठरली की घरची माणसेच त्याच्या पानातली दह्याची वाटी उचलतात. पण गाणे शिकविणाऱ्या मास्तरांच्या किंवा बाईंच्या गळ्याचे काय? त्यांची मैफल रोजचीच, आणि तीही पाच-सहा तासांची!

पूर्वी गुरूच्या घरी मोजके शिष्य असत. १९०१ साली पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि वर्गात बसून गाणे शिकण्याची वाट सर्वसामान्यांना खुली झाली. हे उपकार मोठेच. मात्र या वाटेवर शिकविणाऱ्याच्या गळ्यावर किती भार पडला, याचा विचार फारसा झाला नाही. माझा स्वर काळी एक. वर्गातल्या मुलींचा काळी चार. त्यांना शिकवायचे तर मलाही तिथेच गावे लागते. काळी चारच्या मध्य षड्जावर स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकांवर आदळतात. म्हणजे मिनिटाला बारा हजारांहून अधिक वेळा! शिवाय पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचे भोंगे. त्यांच्यावर मात करण्यासाठी आपला आवाज नकळत चढतोच.

गेल्या पावसाळ्यात माझा आवाज बसला. सवयीप्रमाणे खडीसाखर, ज्येष्ठमध सुरू केले. डॉक्टरांनी समजावले, "याने घशाला बरे वाटेल, पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंवरून नव्हे." दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे, सारखे खाकरू नये, कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे, आणि घोगरेपणा तीन आठवड्यांवर टिकला तर स्वरयंत्र तपासून घ्यावे, हेही त्यांनीच सांगितले. आणि तूर्त आठ दिवस मौन!

गाण्याच्या वर्गात मुका मास्तर! मी पेटीवर नुसता षड्ज धरून बसलो. भूप चालू होता. तीन वर्षे माझ्याबरोबर गाणारी एक मुलगी प्रथमच एकटी गायली, आणि तिचा गंधार दर वेळी किंचित उतरलेला लागला. आजवर मीही सोबत गात असल्यामुळे तो माझ्याच आवाजाखाली झाकला जात होता. मी बोट वर केले. ती थांबली, पेटीकडे कान दिला आणि तिसऱ्या खेपेस तिने गंधार अचूक लावला. तो तिचा तिने शोधलेला होता.

तेव्हापासून माझे मत ठाम झाले आहे. गाणे गुरुमुखातूनच येते, हे मला मान्य आहे. जागा गाऊन दाखवावीच. पण दोनदा, वीसदा नव्हे. उरलेला वेळ शिष्याने गावे आणि गुरूने ऐकावे. संस्थाचालकांनीही गाण्याचे तास सलग न लावता मध्ये शास्त्राचा किंवा श्रवणाचा तास ठेवावा. याला पैसा लागत नाही, वेळापत्रक करताना थोडी आस्था लागते.

आपण तंबोऱ्याची तारसुद्धा वर्ग सुटल्यावर उतरवून ठेवतो. गळ्याची तार मात्र दिवसभर चढवलेलीच! ती तुटली तर बाजारात दुसरी मिळत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.