कोरी जीन्स आणि पांढरी वेष्टी

‘‘ताई, एका जीन्सपायी घरात तिघांची तोंडं तीन दिशांना आहेत. आता तूच सांग, चूक कोणाची?’’

तंजावरहून मावसबहिणीचा फोन होता. तिचं सासर तिथलं जुनं मराठी घराणं. भोसल्यांचं राज्य १८५५ मध्ये संपलं; पण त्या घरात मराठी अजून बोलली जाते. सण आला की वडीलमाणसं पांढरीशुभ्र वेष्टी नेसतात.

झालं होतं असं, की तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलानं कोरी जीन्स घेतली आणि घरात जाहीर केलं, ‘‘ही सहा महिने धुवायची नाही.’’ ऑगस्टपासून तीच पँट रोज अंगात. ऑक्टोबरात पाऊस सुरू झाला. दमट हवेत पँटला वास यायला लागला. एका संध्याकाळी तो भिजून आला आणि झोपाळ्यावर वडिलांच्या शेजारी टेकला, तर त्यांच्या वेष्टीवर निळा पट्टा! बहीण वैतागली. तिनं जीन्स आणि वेष्टी दोन्ही मशीनमध्ये टाकून गरम पाण्यात धुतली. वेष्टी सगळीच फिकट निळी झाली, जीन्स घोट्याच्या वर चढली आणि चिरंजीवांनी आईशी अबोला धरला.

मैत्रिणींनो, यात मुलाचंही थोडं बरोबर आहे आणि आईचंही.

कोरी जीन्स म्हणजे मागावरून उतरल्यावर न धुतलेल्या कापडाची. त्यात उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो. उभ्या धाग्याला खळ असते, म्हणून कापड पुठ्ठ्यासारखं ताठ लागतं. रंगवताना सूत निळीच्या कुंडात बुडवून हवेत काढतात. कुंडातून निघताना हिरवट-पिवळं दिसणारं सूत हवा लागताच निळं होतं. असं पुन्हापुन्हा केलं तरी रंग वरच्या थरातच बसतो, धाग्याचा गाभा पांढराच राहतो. म्हणून घासलं की ही नीळ सुटते, ओल्यात तर जास्तच.

जिथे अंग वाकतं तिथे रंग उतरून नेमक्या रेषा उमटाव्यात, यासाठी हौशी मंडळी जीन्स धुवायचं टाळतात. २०१४ मध्ये लिव्हाय स्ट्रॉस कंपनीचे तेव्हाचे प्रमुख चिप बर्ग यांनी आपली जीन्स वर्षभर धुतलेली नाही असं सांगितलं, तेव्हा त्याची जगभर चर्चा झाली. त्यांची कंपनी सॅन फ्रान्सिस्कोची, तिथली हवा थंड. तंजावरात उन्हाळाभर घाम आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचा पाऊस. घाम आणि धूळ कापडात राहिली की सूत झिजतं, दमट घडीला बुरशी लागते. आपल्या कोकणात, मुंबईतही हेच. तेव्हा धुवायची, पण रीतीनं.

ही रीत आपल्याला नवी नाही. शिंप्याकडे टाकण्याआधी कोरं कापड भिजवून ‘आटवून’ घ्यायचं, हे आपल्या आयांनी शिकवलंच आहे. अहमदाबादच्या अरविंद मिल्सनं १९९५ मध्ये ‘रफ अँड टफ’ नावानं जीन्सचं कापड, चेन आणि बटणं एका पाकिटात घालून विकायला आणली. ती गावोगावच्या शिंप्यांनी शिवली. कोऱ्या कापडाची रीत तीच: आधी आटू द्या, मग माप धरा.

कोरी जीन्स धुताना एवढं सांभाळा:

* घेताना ‘सॅन्फोराइज्ड’ आहे का ते विचारा. असं कापड आधीच आटवलेलं असतं, पुढे शेकडा १ ते ३ इतकंच आटतं. तसं नसेल तर शेकडा १० पर्यंत आटू शकतं, म्हणजे ३० इंचांत ३ इंच! पहिली धुलाई झाल्याशिवाय पाय आखूड करू नका.

* चेन-बटण लावून, उलटी करून, गार पाण्याच्या मोठ्या बादलीत किंवा टबात अर्धा तास भिजवा. चुरगाळून कोंबू नका, घड्यांवर पांढऱ्या रेघा उठतात. पाणी निळं झालं तर घाबरू नका, तो सुटा रंग आहे.

* साबण सौम्य, शक्यतो द्रवरूप घ्या. ब्लीच नको. ब्रशनं घासणं, दगडावर आपटणं, पिळणं नको.

* मीठ किंवा व्हिनेगर घालून ही नीळ पक्की होत नाही. तो खटाटोप सोडा.

* रोज वापरात असेल तर दोन-तीन आठवड्यांनी धुवा. मधल्या काळात रात्री उलटी करून वाऱ्यावर टांगा.

* सावलीत, कमरेकडून टांगून वाळवा. पावसाळ्यात आधी टॉवेलात गुंडाळून पाणी टिपून घ्या आणि पंख्याखाली टाका. खिसे व कमरपट्टा हाताला कोरडे लागल्याशिवाय कपाटात ठेवू नका.

* पहिले काही महिने ती पांढऱ्या कपड्यांत धुऊ नका. पांढऱ्यावर डाग पडलाच, तर लगेच गार पाण्यात साबणानं धुवा. जरीकाठाच्या वेष्टीला ब्लीच लावू नका.

बहिणीला म्हटलं, ‘‘पायाची दुमड उसवून बघ.’’ आत चांगलं दीड इंच कापड निघालं. वेष्टी तीन-चारदा साबणात धुतल्यावर बरीच उजळली. थोडी झाक राहिली आहे, ती आता घरात नेसायला ठेवली आहे. परवा पुन्हा फोन आला. चिरंजीव न्हाणीघरात बादली घेऊन बसले होते आणि पाणी किती निळं झालं ते आईला बोलावून दाखवत होते.