घरातील कोळी

दसरा-दिवाळी जवळ आली की घरोघर साफसफाईला आरंभ होतो. उंच बांबूच्या टोकाला केरसुणी बांधून कानाकोपऱ्यांतील जळमटे काढली जातात, आणि त्या भरात भिंतीवर दिसेल तो कोळीही चिरडला जातो. जळमटे काढणे योग्यच आहे. स्वच्छता ही घराची खरी शोभा होय. परंतु दिसेल त्या कोळ्याला मारणे हा त्या स्वच्छतेचाच भाग आहे, ही समजूत मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. ज्या प्राण्याने घराचे काही बिघडवलेले नाही, उलट घरातील एक काम कोणी न सांगता पत्करले आहे, त्याला ही शिक्षा का व्हावी?

मराठी भाषेने या प्राण्याला दिलेले नाव मोठे अर्थपूर्ण आहे. समुद्रात जाळे टाकून मासे पकडतो तो कोळी, आणि घराच्या कोपऱ्यात जाळे विणून माश्या पकडतो तोही कोळीच. पुष्कळ लोक त्याला कीटक समजतात. परंतु तो कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. कीटकाच्या शरीराचे तीन भाग असतात, कोळ्याच्या शरीराचे दोन. कोळ्याला पंख कधीच नसतात. जगात आजवर त्याच्या ५०,००० हून अधिक जातींची नोंद झाली आहे, आणि त्यांतील बहुतेक सर्व इतर लहान जीवांवर, विशेषतः कीटकांवर, उपजीविका करतात.

घरात राहणाऱ्या कोळ्यांकडे थोडे लक्ष देऊन पाहिले, तर त्यांच्यातही निरनिराळ्या वृत्तीचे प्राणी आहेत असे आढळून येते. छताच्या कोपऱ्यात काड्यांसारख्या लांब पायांचा एक कोळी उलटा लटकत असतो. त्याच्या जाळ्याला धक्का लागला की तो आपले अंग इतक्या वेगाने हलवतो की क्षणभर तो डोळ्यांना नीट दिसतच नाही. जाळ्यात डास सापडला, तर तो मागच्या पायांनी त्याच्याभोवती धागे गुंडाळतो. याची मादी आपली अंडी धाग्यांत बांधून, पिल्ले बाहेर येईपर्यंत तोंडात धरून ठेवते.

खिडकीच्या चौकटीवर उन्हात फिरणारा लहानसा कोळी जाळे लावून बसत नाही. त्याच्या आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोठे व तीक्ष्ण असतात. मांजर उंदरावर टपते तसा तो माशीच्या मागावर हळूहळू सरकतो आणि योग्य अंतरावर येताच झेप घेतो. परंतु झेपेपूर्वी एक धागा भिंतीला चिकटवून ठेवण्यास तो विसरत नाही. नेम चुकला तरी तो खाली पडत नाही, त्या धाग्याच्या आधाराने पुन्हा वर येतो.

तिसरा कोळी सर्वांत मोठा, चपटा आणि तपकिरी. पाय पसरले म्हणजे तो तळहाताएवढा दिसतो, आणि त्याला पाहून भल्याभल्यांची गाळण उडते. दिवसा तो कपाटामागे किंवा फटीत दडून राहतो व रात्री बाहेर पडतो. झुरळ हे त्याचे आवडते भक्ष्य होय. ज्या झुरळांचा घरातील माणसांना तिटकारा असतो, त्यांच्याच शिकारीला निघालेला हा शिकारी माणसांच्या हातून मात्र मारला जातो!

कोळ्यांच्या कार्याचा विस्तार केवढा आहे, याचा अंदाज दोन शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे जगातील सर्व कोळी मिळून दर वर्षी ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात. हे काम मुख्यतः रानांत व गवताळ प्रदेशांत चालते. घरातील कोळ्यांचा वाटा त्या मानाने अल्प आहे. ते घरातील सर्व डास संपवतील असेही नव्हे. साचलेले पाणी काढून टाकणे आणि अन्न झाकून ठेवणे ही कामे माणसांनाच केली पाहिजेत. परंतु काम अल्प आहे म्हणून करणाऱ्याला मारावे, हे काही शहाणपणाचे लक्षण नव्हे.

कोळ्याविरुद्ध सामान्यतः तीन तक्रारी केल्या जातात. पहिली अशी की त्याच्यामुळे घर घाण होते. येथे जाळे आणि जळमट यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. जाळे हे कोळ्याचे चालू स्थितीतील हत्यार होय. त्यात धूळ साचलेली त्याला परवडत नाही. बागेत चाकासारखे गोल जाळे विणणारे कित्येक कोळी तर जुने जाळे खाऊन टाकतात आणि नवे विणतात. जळमट म्हणजे कोळ्याने सोडून दिलेले, धुळीने व काजळीने भरलेले जुने जाळे. ते झाडून काढल्याने कोळ्याचे काहीच नुकसान होत नाही. म्हणजे स्वच्छता आणि कोळी यांचे वैर आहे, ही कल्पनाच निराधार ठरते.

दुसरी तक्रार विषाची. बहुतेक सर्व कोळ्यांना विष असते, ही गोष्ट खरी. परंतु ते लहान भक्ष्याला निश्चल करण्यापुरते असते. माणसाच्या जिवाला धोका पोहोचवू शकतील अशा जाती फारच थोड्या आहेत. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या परिसरात अशी एक भयंकर जात आढळते. तिच्या विषावर १९८१ मध्ये प्रतिविष उपलब्ध झाले. भारतातही झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या मोठ्या केसाळ कोळ्यांचा दंश अतिशय वेदना देतो. यास्तव कोणताही कोळी हाताने पकडू नये, आणि दंश झालाच तर ती जागा धुऊन डॉक्टरांना दाखवावी. मात्र जे कोळ्याचे नाही ते त्याच्या माथी मारू नये. पावसाळ्यात अंगावर रातोरात फोड उठले की अंगावरून कोळी गेला असावा, असे म्हणतात. पुष्कळदा ते एका लहानशा भुंगेऱ्याचे काम असते. तो अंगावर चिरडला गेला म्हणजे त्याच्या शरीरातील दाहक द्रवाने त्वचा पोळते.

तिसरी तक्रार अशी की कोळी पाहून किळस येते. ही तक्रार प्रामाणिक आहे. पण ती कोळ्याचा अपराध सिद्ध करीत नाही. अनेक पाठ्यपुस्तकांतून स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याची दंतकथा वाचावयास मिळते. पुन्हा पुन्हा पडूनही धागा न सोडणाऱ्या कोळ्याकडे पाहून त्या पराभूत राजाला धीर आला, असे ती सांगते. पुस्तकातील कोळ्याचे कौतुक करावे आणि भिंतीवरील कोळ्यावर चप्पल उगारावी, हा न्याय मोठा विचित्र आहे. ठाणे-कल्याण परिसरात आढळलेल्या, उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये ‘इसियस तुकारामी’ असे नाव दिले. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर झालेल्या हल्ल्यात, एका दहशतवाद्याला पकडताना प्राणार्पण करणारे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ हे नाव ठेवले गेले. कोळी हा तुच्छ प्राणी आहे असे त्या शास्त्रज्ञांना वाटले असते, तर त्यांनी एका वीराचे नाव त्याला दिले नसते.

कीटकनाशक औषधांच्या बाबतीतही विचार केला पाहिजे. फवारा डास आणि कोळी असा भेद करीत नाही. परंतु उष्ण हवेत डासाची नवी पिढी सुमारे आठ-दहा दिवसांत तयार होते, तर मोठ्या कोळ्याला पूर्ण वाढीसाठी कित्येक महिने लागतात. फवाऱ्यानंतर डास लवकर परततात. त्यांना खाणारा मात्र लवकर परतत नाही.

तेव्हा यातून मध्यम मार्ग कोणता? जळमटे अवश्य काढावीत. छताच्या कोपऱ्यातील कोळी कोणास त्रास देत नसेल, तर त्याला राहू द्यावे. अंथरुणाजवळ किंवा स्वयंपाकाच्या जागी आला, तर त्याच्यावर एखादा रुंद पेला उपडा घालावा, खालून हळूच जाड कागद सरकवावा आणि त्याला अंगणात किंवा कुंडीत नेऊन सोडावे. याला एक मिनिटही लागत नाही. भीती वाटत असेल त्याने हे काम घरातील मोठ्या माणसास सांगावे. भीती वाटण्यात लाज नाही.

कुरूप आणि अपायकारक हे दोन शब्द समानार्थी नव्हेत. एखाद्याचे रूप आवडत नाही एवढ्याच कारणावरून त्याला दोषी ठरवण्याची सवय एकदा जडली, की ती कोळ्यापाशीच थांबेल असे नाही. माणसांच्या बाबतीतही तसाच अन्याय तिच्याकडून घडू लागतो. म्हणून हात उगारण्यापूर्वी, या जीवाने नेमके काय बिघडवले आहे, हा प्रश्न विचारण्याची सवय लहानपणीच लावून घेणे हिताचे आहे.