फुलोऱ्यानंतरची ओल

सोलापूर, मंगळवेढा, बीड या पट्ट्यातली कोरडवाहू रब्बी ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवरच पिकते. पेरणीनंतर पावसाचा भरवसा नसतो. ओल खाली खाली जाते आणि मुळे तिचा माग काढतात. तरीही अवर्षण सहनशीलतेवरचे आपले कितीतरी प्रयोग कुंडीतल्या रोपांचे पाणी तोडून केले जातात. रोप किती दिवस तगले, पानातले प्रोलीन किती वाढले, एवढ्यावर वाणांची क्रमवारी लागते. प्रोलीन वाढणे ही बहुतेक वेळा ताण बसल्याची खूण असते. त्यावरून दाणा भरेल की नाही ते कळत नाही.

कोरडवाहू ज्वारीत खरा हिशेब फुलोऱ्यानंतर हाती उरलेल्या पाण्याचा आहे. ऑस्ट्रेलियातील गव्हावरचा २००७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने प्रत्येक पैदासकाराने वाचावा. फुलोऱ्यानंतर १.३५ ते १.८५ मीटर खोलीच्या थरातून पिकाने अवघे १०.५ मिलिमीटर पाणी जादा उचलले आणि हेक्टरी ०.६२ टन धान्य वाढले. एका हलक्या सरीएवढे पाणी, पण ऐन गरजेच्या वेळी मिळालेले.

ज्वारीतला ‘स्टे-ग्रीन’ गुणही याच हिशेबात बसतो. इथिओपियाच्या ज्वारीतून आलेल्या बी-३५ या वाणातल्या या गुणाच्या जनुकभागांवर क्वीन्सलँडमध्ये बरेच काम झाले. त्यात दिसले ते असे : फुटवे कमी, पर्णसंभार आटोपशीर, म्हणून फुलोऱ्यापूर्वी पाण्याचा खर्च कमी आणि दाणे भरताना ओल शिल्लक. शेवटी हिरवे राहिलेले पान हा या काटकसरीचा परिणाम आहे. अशी ताटे खडखड्या रोगालाही सहसा लवकर बळी पडत नाहीत. मात्र कणसात दाणे कमी भरले तरीही पाने हिरवी राहतात, म्हणून दाण्याच्या वजनाशिवाय नुसत्या हिरवेपणाला गुण देऊ नयेत.

शिवाय जमीन बदलली की गुणाची किंमत बदलते. हलक्या, उथळ जमिनीत खोलवर साठाच नाही. तिथे फुले अनुराधासारखा लवकर येणारा वाण सरस ठरतो. भारी जमिनीत मुळे खोल जायला हवीत. तिथे पर्णसंभार फार आखडला तर ओल जमिनीतच राहते आणि कडबाही घटतो. जनावरे राखणारा शेतकरी असा वाण पुन्हा पेरणार नाही, हे निवड करताना ध्यानात ठेवलेच पाहिजे.

यंदाच्या रब्बी चाचण्यांत प्रत्येक वाणाच्या फुलोऱ्याच्या दिवशी आणि काढणीला, ३० सेंटिमीटरच्या थरांनी, जमीन असेल तितक्या खोलीपर्यंत ओल मोजा. गिरमिट आणि ओव्हन एवढ्यावर हे काम होते. फुटव्यांची संख्या, पर्णक्षेत्र आणि कडब्याचे वजन त्याच नोंदवहीत लिहा. या नोंदी आम्ही मासिकात छापू. ज्या वाणाने ओल राखली पण उत्पादन दिले नाही, त्याच्याही आवर्जून पाठवा.